चर्मकाराचे चामडे ते घरच्या गॅरेजातील डिस्क : मोटारीच्या ब्रेकचा इतिहास (धागा)

१/
ऑगस्ट १८८८. जर्मनीतील मानहाइम शहरातून बेर्टा बेंझ ही स्त्री आपल्या दोन मुलांसह बाहेर पडली. पती कार्ल बेंझ यांनी तयार केलेली तीनचाकी मोटार तिने त्यांना न सांगताच काढली होती. जायचे होते फोर्त्सहाइमला, सुमारे १०६ किलोमीटरवर. मोटारीचा पहिला लांब पल्ल्याचा प्रवास म्हणून इतिहासाने याची नोंद घेतली.

२/
वाटेत औषधाच्या दुकानातून घेतलेले इंधन, टोपीच्या पिनेने साफ केलेली नळी, या गोष्टी पुष्कळदा सांगितल्या जातात. ब्रेकची गोष्ट मात्र मागे राहते. त्या मोटारीला थांबवत होता लाकडाचा ठोकळा. उतारावर तो झिजत गेला. तेव्हा बाउश्लॉट या गावी तिने एका चर्मकाराकडून ठोकळ्यावर चामडे ठोकून घेतले.

३/
ब्रेकला स्वतंत्र घर्षण-अस्तर असावे, ही मोटारीच्या इतिहासातील मूलभूत कल्पना अशी रस्त्यावर जन्मली. आज एखाद्या वेगवान सेडानचा मालक रविवारी सकाळी गाडी जॅकवर चढवून जुने पॅड काढतो आणि नवे बसवतो, तेव्हा तो याच परंपरेतले काम करीत असतो. या परंपरेत कल्पकता आहे, तशी किंमतही आहे. दोन्ही पाहू.

४/
आधी थोडे गणित. ब्रेक वेग 'नष्ट' करीत नाही. गतीच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. १४०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ५४० किलोज्यूल असते. एवढ्या उष्णतेत दीड लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ब्रेकचा सगळा इतिहास म्हणजे ही उष्णता कुठे न्यायची, या प्रश्नाचा इतिहास होय.

५/
बेर्टाच्या प्रवासानंतर नऊ-दहा वर्षांनी तीच युक्ती इंग्लंडमध्ये पुन्हा दिसते. डार्बीशायरच्या डोंगराळ भागात घोडागाड्यांचे चालक लाकडी ब्रेकवर जुन्या बुटांचे तुकडे ठोकत. हर्बर्ट फ्रूड याने हे पाहिले आणि १८९७ पासून टिकाऊ अस्तरावर प्रयोग सुरू केले. फ्रूड हे आडनाव आणि पत्नी एलिझाबेथच्या नावाचे आद्याक्षर यांची अक्षरे उलटसुलट करून 'फेरोडो' हे नाव तयार झाले. ब्रेक लायनरच्या जगात ते आजही टिकून आहे.

६/
फ्रूडची आरंभीची अस्तरे कापडी पट्ट्यांची होती, पण तापल्यावर त्या जळत. उत्तर सापडले ते अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये. १९०८च्या सुमारास त्याने पितळी तार घातलेले अ‍ॅस्बेस्टॉसचे विणीव अस्तर वापरात आणले. न जळणारा, स्वस्त आणि पकड देणारा तंतू! पुढची साठ-सत्तर वर्षे जगभरच्या मोटारी याच पदार्थाच्या भरवशावर थांबत राहिल्या.

७/
याची किंमत प्रथम कारखान्यातील कामगारांनी मोजली. रॉचडेल येथील कापड-अ‍ॅस्बेस्टॉस कामगार नेली केर्शॉ १९२४ मध्ये वयाच्या ३३व्या वर्षी मरण पावली. तिच्या फुप्फुसांच्या तपासणीतून हा आजार वैद्यकीय लिखाणात ठळकपणे नोंदला गेला. १९३० मध्ये मेरीवेदर आणि प्राइस यांचा अहवाल आला, १९३१ मध्ये ब्रिटनने नियम केले. ते मुख्यतः कारखान्यांसाठी होते.

८/
गॅरेज आणि घरचे अंगण या नियमांच्या बाहेरच राहिले. ब्रेकचा ड्रम उघडायचा, आत साठलेली काळी भुकटी फुंकून वा हवेच्या पाइपने उडवायची आणि नवे लायनर बसवायचे, हा अनेक दशके सर्वत्र रिवाज होता. ब्रिटनने पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली ती १९९९ मध्ये. जुन्या गाडीचा ब्रेक उघडताना भुकटी कधीही फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी, हा आजचा साधा नियम इतक्या मृत्यूंनंतर शिकलेला आहे.

९/
आता पुन्हा १९०२ कडे. या एकाच वर्षात ब्रेकच्या दोन वाटा फुटल्या. फ्रान्समध्ये लुई रेनॉने ड्रम ब्रेकला रूप दिले: फिरणाऱ्या पिंपासारख्या भागात दोन अर्धवर्तुळाकार 'शू' आतून बाहेर दाबले जातात. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले: फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची.

१०/
लँचेस्टरची कल्पना योग्य होती, काळ योग्य नव्हता. त्याचे पॅड तांब्याचे होते. धातूवर धातू घासून कर्कश किंकाळी उठे आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर तांबे भराभर झिजे. ड्रमच्या आत धूळ कमी जाई. शिवाय फिरणारा ड्रम शूला स्वतःच अधिक ओढून धरतो, त्यामुळे पायाला जोर कमी लागे. डिस्क जवळजवळ अर्धे शतक बाजूला पडली.

११/
दरम्यान प्रश्न उभा राहिला चारही चाकांना सारखा दाब पोहोचवण्याचा. तारा आणि दांड्यांनी चालणाऱ्या ब्रेकमध्ये एक तार सैल पडली की गाडी एका बाजूला ओढली जाई. मॅल्कम लॉगहेड या अमेरिकन तंत्रज्ञाने द्रवाचा मार्ग धरला. बंदिस्त द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातील सिद्धांत आता पायाखाली आला.

१२/
१९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मॉडेल ए ही चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली मोटार बाजारात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये ल मां येथे झालेल्या फ्रेंच ग्राँ प्रीमध्ये जिमी मर्फी याने हायड्रॉलिक ब्रेकची ड्यूसेनबर्ग पळवून शर्यत जिंकली. ल मां हे गाव या कथेत पुन्हा दोनदा येणार आहे.

१३/
फोर्डने मात्र हायड्रॉलिक ब्रेक स्वीकारले ते थेट १९३९च्या मॉडेलपासून. १९३२ पासून फोर्ड सामान्य माणसाला व्ही-८ इंजिन देत होता. वेग आला, थांबवायला त्याच जुन्या दांड्या. ही दरी भरून काढली ती कॅलिफोर्नियाच्या तरुणांनी, आपापल्या घरामागच्या शेडमध्ये.

१४/
दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे हॉट रॉड संस्कृती फोफावली. तिच्यातील एक ठरलेला पाठ असा: भंगारातून १९३९ नंतरच्या फोर्डचे हायड्रॉलिक ब्रेक आणायचे आणि १९३२च्या गाडीला जोडायचे. जुन्या गाडीच्या आसाला नव्या ब्रेकची बैठक फारशा फेरफाराविना जुळे. या पोरांनी त्याला नाव दिले 'रसाचे ब्रेक'. घरी केलेल्या ब्रेक-सुधारणेची ही पहिली मोठी लोकचळवळ म्हणता येईल. इथे कारखाना मागे होता आणि मालक पुढे.

१५/
पण ड्रमचा मूळ दोष द्रवाने सुटत नव्हता. उष्णता ड्रमच्या आत कोंडते. तापलेला ड्रम प्रसरण पावतो आणि शूपासून दूर सरकतो. पेडल खाली खाली जाते. लायनरही तापून पकड सोडते. घाटातून उतरताना चालकाला जाणवणारा 'ब्रेक विरघळल्याचा' भास तो हाच. डिस्कचे उलट आहे: ती उघड्या वाऱ्यात फिरते, आणि तापून फुगली तरी पॅडच्याच दिशेने फुगते.

१६/
डिस्कचा पुनर्जन्म विमानांच्या चाकांत झाला. जड विमान छोट्या धावपट्टीवर थांबवण्याचे तंत्र डनलॉप कंपनीने विकसित केले आणि जॅग्वारबरोबर ते मोटारीत आणले. चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस याने त्यासाठी खपून काम केले. १९५२च्या मिले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉसबरोबर तोच डिस्क ब्रेकच्या सी-टाइपमध्ये बसला होता. ती शर्यत पूर्ण झाली नाही. पण त्याच उन्हाळ्यात रँस येथे मॉस जिंकला.

१७/
जून १९५३, ल मां, २४ तासांची शर्यत. म्यूल्सानच्या सुमारे सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्यानंतर तीव्र वळण येते. ड्रम वापरणारे चालक ब्रेक वाचवण्यासाठी लवकर पाय ठेवत. जॅग्वारचे चालक उशिरापर्यंत वेगात राहत, आणि पुढच्या फेरीतही, रात्री दोनलाही, ब्रेक तितकाच खंबीर असे. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन जिंकले. या शर्यतीत विजेत्याचा सरासरी वेग प्रथमच ताशी १०० मैलांच्या, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरच्या पुढे गेला.

१८/
दोन वर्षांनी त्याच रस्त्यावर या कथेतील सर्वांत काळा दिवस उजाडला. ११ जून १९५५. जॅग्वारच्या डी-टाइपला डिस्क होते. मर्सिडीजच्या ३०० एसएलआरला ड्रम होते आणि त्यांची उणीव भरण्यासाठी चालकाच्या पाठीमागे उभा राहणारा हवा अडवणारा मोठा पत्रा. माइक हॉथॉर्नने पिटकडे जाण्यासाठी जॅग्वारचा ब्रेक दाबला. मागची ऑस्टिन-हिली बाजूला वळली आणि तिच्यामागून येणारी पिएर लव्हेगची मर्सिडीज तिच्यावर चढून प्रेक्षकांच्या दिशेने उडाली.

१९/
लव्हेग आणि ८० हून अधिक प्रेक्षक मरण पावले. चौकशीने कोणा एका चालकाला दोषी धरले नाही. अरुंद, जुन्या बांधणीचा तो भाग हे एक मोठे कारण होते. तरीही इतिहासकारांच्या चर्चेत एक मुद्दा कायम राहिला: एकाच रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांच्या थांबण्याच्या क्षमतेत मोठी तफावत होती. आपला ब्रेक आपल्यालाच थांबवतो. मागून येणाऱ्याला तो थांबवू शकत नाही.

२०/
त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएन डीएस आली. मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या घरगुती मोटारीच्या पुढच्या चाकांसाठी डिस्क आले होते. आता पाळी होती वेगवान सेडानची. १९५७ च्या आरंभी जॅग्वारने ३.४ लिटरची सेडान आणली: चार दरवाजे, कुटुंबाची गाडी, आणि ताशी सुमारे १९० किलोमीटरचा वेग. पण थांबवायला होते ड्रम. त्याच वर्षात कंपनीला चारही चाकांचे डिस्क पर्याय म्हणून द्यावे लागले.

२१/
१९५९च्या मार्क २ मध्ये डिस्क हा पर्याय राहिला नाही, ते मूळ साधन झाले. गाडीच्या मागच्या बंपरवर 'डिस्क ब्रेक्स' अशी छोटी पट्टी असे. वरवर ही मिरवणूक. वाचली तर मागच्या चालकाला सूचनाही: ही गाडी तुमच्या अंदाजाआधी थांबेल. डिस्कला ड्रमसारखी स्वतःची ओढ नसते, त्यामुळे पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम सर्व्होही आवश्यक ठरला. एक कडी बदलली की शेजारची कडी बदलावी लागते, हे सूत्र इथून पुढे पुन्हा पुन्हा दिसते.

२२/
पुढचा टप्पा इटलीचा. बेर्गामोजवळ १९६१ मध्ये ब्रेंबो ही छोटी कार्यशाळा सुरू झाली. १९७५ पासून तिचे ब्रेक फेरारीच्या फॉर्म्युला वन गाड्यांना लागले. एका पिस्टनच्या सरकत्या कॅलिपरऐवजी चार पिस्टनचा घट्ट कॅलिपर, हे शर्यतीचे साधन हळूहळू रस्त्यावर उतरले. १९९८ मध्ये मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन ५ या सेडानला ब्रेंबो कारखान्यातूनच मिळाले. सुबारूच्या इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआयनेही तीच वाट धरली.

२३/
आणि इथे हॉट रॉडचा इतिहास नव्याने घडला. अमेरिकेत साध्या डब्ल्यूआरएक्सला ब्रेंबो नव्हते, तिच्या महाग भावंडाला होते. मालकांनी एसटीआयचे कॅलिपर मिळवून घरीच आपल्या गाडीला बसवले. १९४० च्या दशकातील भंगाराच्या जागी आता जुन्या सुट्या भागांचा बाजार होता. कळले असे की मोठा कॅलिपर १६ इंची चाकात मावत नाही. १७ इंची चाके घ्यावी लागतात. म्हणजे पुन्हा तेच: एक कडी, मग दुसरी.

२४/
समतोलाचा प्रश्न याहून खोल आहे. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून कारखाना पुढच्या-मागच्या ब्रेकचे प्रमाण मोजून ठरवतो. फक्त पुढे मोठा ब्रेक बसवला, तर पुढची चाके लवकर पकड सोडतात आणि मागचे टायर आपला वाटा उचलत नाहीत. पिस्टन मोठे, पण मास्टर सिलिंडर जुनाच असेल, तर पेडल लांब जाते. मोठ्या खर्चानंतर गाडी आधीपेक्षा दूर थांबणे शक्य आहे.

२५/
ब्रेकची शेवटची मर्यादा टायर ठरवतो. मूळचे ब्रेक चाके अडकवण्याइतके किंवा एबीएस जागे करण्याइतके समर्थ असतील, तर मोठ्या डिस्कने एकदाच जोरात थांबण्याचे अंतर कमी होत नाही. तिचा उपयोग दिसतो तो दहाव्या वेळी: घाटात, शर्यतीच्या मार्गावर, जिथे उष्णता साठत जाते. १९५३ मध्ये जॅग्वारला विजय याच कारणाने मिळाला होता.

२६/
म्हणून घरच्या सुधारणेचा शहाणा क्रम साधा आहे: चांगले टायर, योग्य पॅड, ताजे ब्रेक ऑईल. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ दर्जाच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावरची किमान मर्यादा १४० आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. द्रव उकळला की नळीत वाफ होते. वाफ दबते, आणि पेडल दाबूनही चाकापर्यंत दाब पोहोचत नाही.

२७/
कामाच्या रीतीही अपघातांतूनच ठरल्या आहेत. गाडी जॅकवर सोडू नये, स्टँडवर टेकवावी. काढलेला कॅलिपर होज पाइपवर लोंबकळू देऊ नये. एअर काढताना एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल उघडून बंद करावे, आणि निपल बंद होईपर्यंत पेडल सोडू नये. सर्वांत महत्त्वाचे: नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकललेले असतात. गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत ते वारंवार दाबावे. नाहीतर पहिल्याच वेळी पेडल थेट तळाला जाते. कुठे शंका राहिली, तर काम जाणत्या मेकॅनिककडून तपासून घेतल्याविना रस्त्यावर जाऊ नये.

२८/
महाराष्ट्राचा धागा कुर्ल्याशी जोडलेला आहे. तिथे बनलेल्या फियाट ११००, म्हणजेच पुढच्या प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम होते. मुंबईच्या पावसात तुंबलेल्या पाण्यातून टॅक्सी काढल्यावर काही अंतर हलका ब्रेक दाबत चालवायची आणि लायनर वाळवायचे, ही त्या ड्रमने शिकवलेली सवय. पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तोवर, एप्रिल २०१९ पासून, भारतात नव्या मोटारींना एबीएस अनिवार्य झाले होते.

२९/
भारतीय वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असे फेरबदल करता येत नाहीत. झिजलेल्या पॅडच्या जागी योग्य दर्जाचे पॅड बसवणे ही देखभाल. दुसऱ्या गाडीची सबंध ब्रेक-यंत्रणा बसवणे हा वेगळा विषय. हॉट रॉडच्या काळातील मोकळीक आज नाही, आणि मागून येणाऱ्या चालकाचा विचार केला तर ते योग्यही आहे.

३०/
लाकूड झिजले म्हणून चामडे आले, कापड जळाले म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस आले, अ‍ॅस्बेस्टॉसने माणसे मारली म्हणून नवे पॅड आले. ड्रम तापला म्हणून डिस्क आली, आणि डिस्कने आपला ताण सर्व्होवर, द्रवावर, टायरवर टाकला. प्रत्येक सुधारणेने दोष संपवला नाही, पुढच्या कडीकडे सरकवला. घरच्या गॅरेजात पाना हातात घेणाऱ्याला हा इतिहास ठाऊक असेल, तर 'आता ताण कुठे गेला?' हा प्रश्न तो काम सुरू करण्याआधीच विचारील.

३१/
बाउश्लॉटच्या त्या चर्मकाराने बहुधा काही मिनिटांतच काम उरकले असेल. बेर्टा बेंझ मुलांसह फोर्त्सहाइमला सुखरूप पोहोचली आणि काही दिवसांनी त्याच मोटारीने घरी परतली. परतीच्या उतारांवर ठोकळ्याला चामडे होते.

#मराठी #इतिहास #धागा